पहिला कॅमेरा आणि हिंगोलीचा उजेड

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्याच वर्षी जपानच्या निकॉन कंपनीने 'डी१' हा डिजिटल कॅमेरा जाहीर केला. त्याचे चित्र २.७ मेगापिक्सेलचे, म्हणजे सुमारे सत्तावीस लाख बिंदूंचे होते, आणि वृत्तपत्रे व मोठे स्टुडिओ वगळता तो कोणाला परवडण्यासारखा नव्हता. जिल्ह्याने पंचविशी ओलांडली त्या काळात हा आकडा इतका फुगला की आज खिशातला साधा फोनही पन्नास मेगापिक्सेलची जाहिरात करतो. मात्र पहिला कॅमेरा घेणाऱ्याचा गोंधळ कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. कारण दुकानात आणि जाहिरातीत जे आकडे ठळक छापलेले असतात ते बहुधा चित्राच्या दर्जाशी दुय्यम नात्याचे असतात, आणि ज्यांवर चित्र खऱ्या अर्थाने अवलंबून असते त्यांची चर्चा क्वचितच होते. कॅमेऱ्याची निवड करताना आधी विषय, मग त्या विषयावर पडणारा प्रकाश, त्यानंतर लेन्स आणि सर्वांत शेवटी कॅमेऱ्याचे नाव, असा क्रम ठेवला तर हा गोंधळ बराच निवळतो. हिंगोली जिल्ह्यात वर्षभरात जे विषय कॅमेऱ्यासमोर येतात, म्हणजे औंढ्याच्या मंदिरावरील कोरीव काम, वसमतची हळद, लग्नसराई, येलदरीच्या पाण्यावरील पक्षी आणि नर्सीची यात्रा, ते परस्परांपासून इतके भिन्न आहेत की हा क्रम तपासून पाहण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज पडत नाही.

सर्वप्रथम हे मान्य केले पाहिजे की अनेकांना वेगळ्या कॅमेऱ्याची गरजच नसते. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू केलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाचे छायाचित्र फोनमधील ॲपवरूनच घ्यावे लागते, कारण त्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश आणि रेखांश नोंदले जातात. तेथे महागडा कॅमेरा काहीही उपयोगाचा नाही. घरातील वाढदिवस, शाळेचा कार्यक्रम, ग्रामपंचायतीच्या कामाची नोंद, दुकानातील मालाचे चित्र व्हॉट्सॲपवर पाठवणे, ही सर्व कामे फोन उत्तम करतो, कारण तो एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांतून गणिताच्या आधारे एक स्वच्छ चित्र तयार करतो. वेगळ्या कॅमेऱ्याचा खर्च सार्थ ठरतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी: विषय दूर असतो तेव्हा, प्रकाश कमी असूनही विषय हलत असतो तेव्हा, आणि चित्र मोठ्या आकारात छापून द्यायचे असते किंवा त्याचे पैसे घ्यायचे असतात तेव्हा. यांपैकी एकही परिस्थिती ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याने आपले पैसे राखून ठेवणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचे हृदय म्हणजे सेन्सर, अर्थात लेन्समधून येणारा प्रकाश ज्यावर पडतो ती सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या पृष्ठभागावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक कप्पा आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो, आणि त्या विजेचे मोजमाप आकड्यांत लिहिले की चित्राचा एक बिंदू, म्हणजे एक पिक्सेल, तयार होतो. या तंत्राचा पाया १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी घातला आणि त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा अवघ्या दहा हजार बिंदूंचे चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद घेत असे. प्रकाशाचे विजेत रूपांतर करण्याचे हेच तत्त्व हिंगोलीकरांच्या शेजारी आणखी मोठ्या कामासाठी वापरले जाणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली, आणि तेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून परतणाऱ्या लेसर प्रकाशातील अतिसूक्ष्म बदल प्रकाशसंवेदी उपकरणेच टिपणार आहेत. प्रकाश जितका काटेकोरपणे मोजला जाईल तितकी माहिती विश्वासार्ह, हा नियम वेधशाळेला जसा लागू आहे तसाच गळ्यात अडकवलेल्या कॅमेऱ्यालाही.

म्हणूनच सेन्सरचे आकारमान हे मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचे ठरते. लहान, एका हातात मावणाऱ्या जोडलेल्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच सेन्सर असतो; लेन्स बदलता येणाऱ्या प्राथमिक कॅमेऱ्यांत बहुधा 'एपीएस-सी' या नावाने ओळखला जाणारा, सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच सेन्सर असतो. आणि व्यावसायिकांच्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यांत जुन्या रोलवरील चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर असतो. यांपैकी दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे तेरा पट भरते, म्हणजे लेन्सचे छिद्र आणि शटर सारखेच ठेवले असता तो कितीतरी अधिक प्रकाश गोळा करतो, आणि अंधाऱ्या ठिकाणी चित्रात जे रंगीत कण दिसू लागतात, ज्यांना छायाचित्रकार 'नॉइज' म्हणतात, ते त्यात बरेच कमी असतात.

मेगापिक्सेलचा हिशेब छपाईवरून मांडला तर त्याविषयीचा मोह आपोआप ओसरतो. चांगल्या छपाईला दर इंचाला सुमारे ३०० बिंदू लागतात असे धरले, तर घरातील अल्बममध्ये लावण्याच्या सहा बाय चार इंची छायाचित्राला जेमतेम २.२ मेगापिक्सेल पुरतात आणि बारा बाय आठ इंची छायाचित्राला ८.६ मेगापिक्सेल. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे उघडलेले पान १२ बाय ३६ इंचांचे असते, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ६,००० बिंदू रुंदीचे एकच चित्र त्या संपूर्ण पानावर पसरले, तरी दर इंचाला १६६ बिंदू मिळतात. मांडीवर अल्बम घेऊन पाहणाऱ्याच्या डोळ्याला तेवढे पुरेसे असतात, शिवाय अशा पानावर बहुधा एकाऐवजी चार-पाच चित्रे मांडलेली असतात. आजचा कोणताही प्राथमिक एपीएस-सी कॅमेरा २४ मेगापिक्सेलच्या आसपास असल्याने हा प्रश्न व्यवहारात निकालात निघालेला आहे, आणि त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण पहिल्या खरेदीत क्वचितच संभवते.

प्रकाशाचे नियंत्रण तीन गोष्टींनी होते आणि त्या समजून घेण्यासाठी औंढा नागनाथाच्या मंदिरासारखी दुसरी शाळा या भागात नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या या मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा आणि हेमाडपंती धाटणीचा असून त्याच्या बाह्यभिंतींवर मूर्तींची आणि पशुपक्ष्यांची दाट रांग आहे, तर लिंगाच्या दर्शनासाठी भाविकांना सभामंडपाच्या पातळीखाली, अरुंद वाटेने तळघरासारख्या गाभाऱ्यात उतरावे लागते. बाहेर रणरणते ऊन आणि आत समईपुरता उजेड, असा हा पराकोटीचा फरक आहे. कॅमेऱ्यात प्रकाश किती रुंद वाटेने शिरतो हे लेन्समधील छिद्र ठरवते, त्याला ॲपर्चर म्हणतात आणि ते एफ/१.८, एफ/५.६ अशा आकड्यांनी मोजतात. येथे आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. प्रकाश किती काळ आत येतो हे शटर ठरवते, आणि तो काळ सेकंदाच्या अंशांत मोजला जातो. आयएसओ या तिसऱ्या आकड्याने सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवायचा हे ठरते, परंतु तो जसजसा वाढतो तसतसे चित्रातील कणही ठळक होत जातात. बाहेरच्या भिंतीवरील शिल्प टिपताना या तिघांपैकी एकाचीही ओढाताण होत नाही, म्हणून तेथे साधा कॅमेराही पुरतो, फक्त वेळ सकाळची किंवा उन्हे कलण्याची असावी, कारण तिरपा प्रकाश कोरीव कामातील खोली उठावदार करतो आणि माथ्यावरचे ऊन ती पुसून टाकते. शिवाय कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरत असल्याने काळा पाषाण चित्रात फिकट राखाडी उतरतो. तो काळाच दिसावा यासाठी 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' नावाच्या सोयीने प्रकाश एक पायरी कमी करावा लागतो, तर जिनिंगच्या आवारातील पांढऱ्या कापसाचा ढीग टिपताना याच्या नेमके उलट, प्रकाश वाढवावा लागतो. ही सोय हाताच्या बोटाखाली असलेला कॅमेरा आणि ती मेनूच्या चौथ्या पानावर दडवलेला कॅमेरा यांत पहिला निवडावा, एवढे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

मंदिराच्या आतील भागाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे छायाचित्रे घेण्यास देवस्थानाची परवानगी आहे की नाही हे आधी विचारले पाहिजे, आणि ती मिळाली तरी फ्लॅश व ट्रायपॉड बहुधा वर्ज्यच समजावेत. अशा ठिकाणी कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी 'किट लेन्स' तोकडी पडते, कारण तिचे छिद्र दूरच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. याउलट ५० मिलिमीटरची एफ/१.८ छिद्राची साधी लेन्स त्याहून सुमारे दहा पट प्रकाश आत घेते. जेथे किट लेन्सला सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ लागतो आणि हाताच्या थरथरीने चित्र अस्पष्ट येते, तेथे या लेन्सला सेकंदाचा दीडशेवा भाग पुरतो. ही लेन्स प्रमुख कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. पहिल्या खरेदीतील एकूण रकमेचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या नव्या मॉडेलवर घालण्याऐवजी एक पिढी जुना कॅमेरा आणि त्याच्या जोडीला अशी एक लेन्स घेतली, तर मिळणारी चित्रे निर्विवादपणे अधिक चांगली असतात. कॅमेऱ्याचे मॉडेल चार-पाच वर्षांत जुने होते, पण चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षे काम देते, हेही या सल्ल्यामागचे कारण आहे.

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा तिची दृष्टी किती रुंद वा किती दूरची आहे हे सांगतो. अठराच्या आसपास पूर्ण मांडव चौकटीत येतो, पन्नासवर एका माणसाचा चेहरा आणि खांदे, तर दोनशे-अडीचशेवर लांबचा विषय जवळ ओढला जातो. एपीएस-सी सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने तो या दृष्टीचा मधला भागच टिपतो, म्हणून त्यावर ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. व्यक्तिचित्रासाठी हे सोयीचे असले तरी घराच्या लहान खोलीत कुटुंबाचे सामूहिक छायाचित्र घ्यायचे झाल्यास छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकते.

जिल्ह्यातील कॅमेरा-खरेदीचा सर्वांत मोठा भाग मात्र ना मंदिरासाठी होतो ना पक्ष्यांसाठी, तो लग्नासाठी होतो. तुळशीचे लग्न लागले की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा या पाचही तालुक्यांत मांडव उभे राहू लागतात, आणि स्वतःच्या जिवावर काही करू पाहणाऱ्या अनेक तरुणांना शूटिंगचा व्यवसाय जवळचा वाटतो. या तरुणांचा निर्णय सर्वांत अधिक काळजीने व्हायला हवा, कारण त्यात अनेकदा कर्जाची रक्कम गुंतलेली असते. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार आणि किशोर गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि फोटो स्टुडिओ हा सेवा व्यवसाय तिच्या कक्षेत बसतो, तथापि हप्ता सुरू होतो तो पहिले काम मिळण्याची वाट न पाहता.

लग्नासाठी कॅमेरा पाहताना 'डीएसएलआर' की 'मिररलेस' हा प्रश्न टाळता येत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो, तो प्रकाश वर वळवतो आणि छायाचित्रकार काचेतून प्रत्यक्ष दृश्य पाहतो. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, सेन्सरवर पडलेले दृश्य छोट्या पडद्यावर दिसते. या दुसऱ्या रचनेत सेन्सर सतत जागा असल्याने कॅमेरा माणसाचा चेहरा आणि डोळा ओळखून फोकस त्यावरच धरून ठेवू शकतो, आणि मंगलाष्टकांनंतर अक्षतांच्या वर्षावात वधूवर एकमेकांना हार घालतात त्या काही सेकंदांत ही सोय फार मोलाची ठरते. उलट सतत जागे राहण्याची किंमत बॅटरी मोजते. प्राथमिक मिररलेस कॅमेरा एका बॅटरीवर साधारण तीनशे-चारशे चित्रे देतो, तर निकॉनच्या डी३५०० या डीएसएलआरला कंपनीने प्रमाणित केलेला आकडा १,५५० आहे. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो तेथे मिररलेस घेणाऱ्याने किमान दोन जादा बॅटऱ्यांची किंमत मूळ किमतीतच धरावी.

आजच्या लग्नात छायाचित्राइतकीच मागणी चलचित्राची असते आणि येथे स्वस्त डीएसएलआर अनेकदा फसवतात. डी३५०० काय किंवा कॅननचा १५००डी काय, दोन्हींना बाहेरचा माइक जोडण्याची खाच नाही, म्हणजे बँडच्या गोंगाटात मंगलाष्टकांचा आवाज कॅमेऱ्यातच वेगळा नोंदवण्याचा मार्ग बंद होतो. कॅनन आर५० किंवा सोनी झेडव्ही-ई१० यांसारख्या मिररलेस कॅमेऱ्यांत ही खाच आहे. तथापि झेडव्ही-ई१० मध्ये डोळा लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर नाही, आणि निकॉनच्या झेड३० मध्येही ती नाही. मुंबई-पुण्याच्या सभागृहात ही उणीव जाणवत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावी भर दुपारच्या मुहूर्तावर उघड्या अंगणात उभे राहिले की मागचा पडदा उन्हात काहीच दाखवत नाही, आणि छायाचित्रकाराला अंदाजाने बटण दाबावे लागते. हिंगोलीत काम करणाऱ्याने व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नये. ऊन आणखी एका मार्गाने आडवे येते: बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत कॅमेरा चालवण्याचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते, मराठवाड्याचा उन्हाळा ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि 'फोर-के' या अधिक स्पष्टतेच्या चलचित्रासाठी सेन्सर सलग चालू राहिला की लहान कॅमेरे तापून आपोआप बंद पडतात. त्यावर उपाय म्हणजे चलचित्र लहान तुकड्यांत घेणे, मधल्या वेळी कॅमेरा सावलीत ठेवणे आणि गरज नसेल तेथे फोर-केचा आग्रह सोडणे.

मांडवातील एलईडी दिव्यांविषयी एक तांत्रिक गोष्ट माहीत नसल्याने अनेकांची पहिली चित्रे वाया जातात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हलक्या दर्जाचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्याचे 'इलेक्ट्रॉनिक शटर', म्हणजे आवाज न करता सेन्सर ओळीओळीने वाचणारे शटर वापरले, तर ही चढउतार चित्रावर आडव्या काळ्या पट्ट्यांच्या रूपाने उमटते. यांत्रिक शटर ठेवून त्याची गती सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग धरली, आणि चलचित्र सेकंदाला २५ चौकटींवर घेतले, तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून निवडलेल्या कॅमेऱ्यात यांत्रिक शटर आहे याची खात्री करावी. प्राथमिक कॅमेऱ्यांत बहुधा एकाच मेमरी कार्डाची जागा असते, त्यामुळे हळद, लग्न आणि वरात यांसाठी तीन स्वतंत्र कार्डे वापरणे आणि घरी पोहोचताच दोन ठिकाणी प्रती करणे हा व्यवसायाच्या शिस्तीचा भाग मानावा. एखाद्या कुटुंबाचे लग्न पुन्हा लागत नाही.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि फेब्रुवारीनंतर काढणी, शिजवणी, उघड्यावरची वाळवण आणि पॉलिश असा तिचा जो क्रम चालतो तो रंगाच्या दृष्टीने जिल्ह्यातील सर्वांत देखणा आणि कॅमेऱ्यासाठी सर्वांत अवघड विषय आहे. संपूर्ण चौकट पिवळी झाली की कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगसंतुलनाची यंत्रणा, म्हणजे 'व्हाइट बॅलन्स', तो पिवळेपणा दिव्याचा दोष समजून त्यात निळसर छटा मिसळते आणि अस्सल हळद फिकट, आजारी दिसू लागते. शिवाय पिवळा रंग सेन्सरच्या लाल आणि हिरव्या कप्प्यांना एकदम भरून टाकतो, त्यामुळे कांड्यांवरील वळ्या नाहीशा होऊन सपाट पिवळा डाग उरतो. रंगसंतुलन हाताने 'ऊन' या खुणेवर ठेवणे, प्रकाश किंचित कमी घेणे आणि चित्र 'रॉ' स्वरूपात साठवणे, हे यावरचे उपाय. रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे कोणतीही काटछाट न करता जसेच्या तसे ठेवलेली फाइल; ती नेहमीच्या जेपेगपेक्षा कितीतरी पट जागा व्यापते, मात्र नंतर संगणकावर रंग दुरुस्त करण्यास पुरेसा वाव देते. शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मालाची चित्रे काढणाऱ्याने रॉची सोय नसलेला कॅमेरा घेऊ नये. पॉलिशच्या ड्रमभोवती उडणारी भुकटी सेन्सरवर बसली तर प्रत्येक चित्रात ठिपका उमटतो, म्हणून तेथे लेन्स बदलण्याचे धाडस कधीही करू नये.

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर तसेच पैनगंगेवरील ईसापूर या जलाशयांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या पक्षिप्रेमीची गरज या सर्वांहून निराळी आहे. पाण्यातल्या बदकापर्यंत पावले पोहोचत नाहीत, तेथे केवळ लेन्सच पोहोचते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५५-२५० मिलिमीटरची लेन्स ही सुरुवात म्हणून ठीक असली तरी काठावरचा खंड्या तिच्यात भरतो आणि मध्यभागी तरंगणारा थवा ठिपक्यांएवढाच राहतो. त्यापुढच्या ६०० मिलिमीटरच्या लेन्स कॅमेऱ्याहून महाग आणि जड असतात. अशा नवशिक्यासाठी निकॉन कूलपिक्स पी९५० सारखा, ८३ पट झूम असलेला जोडलेल्या लेन्सचा कॅमेरा हा विचार करण्याजोगा पर्याय आहे, कारण त्याची पोहोच २,००० मिलिमीटरच्या तोडीची आहे. त्याचा सेन्सर लहान असल्याने सूर्य मावळताच चित्रांचा दर्जा झपाट्याने घसरतो आणि उडता पक्षी त्यात पकडणे कठीण जाते, पण पक्ष्याची ओळख पटवणे आणि तारीखवार नोंद ठेवणे हा हेतू असेल तर एवढ्या पैशांत दुसरे काही हाती लागत नाही.

संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नर्सी येथे आषाढी वारीनंतरच्या एकादशीला, म्हणजे परतवारीला, भाविकांची गर्दी होते ती ऐन पावसाळ्यात. स्वस्त कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते, म्हणून प्लॅस्टिकचे आवरण आणि कोरडा पंचा हे साहित्य बॅगेत असावेच. त्याहून घातक असते ती यात्रेहून परतल्यानंतरची ओल. कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवला की पावसाळ्याच्या अखेरीस लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे जाळे दिसू लागते आणि ते काढण्याचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीला भिडतो. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी व्यवस्था त्यासाठी पुरते.

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांनी आपला भर मिररलेसकडे वळवल्याने चांगल्या स्थितीतील डीएसएलआर आता उतरत्या किमतीत मिळतात आणि शिकण्यासाठी ते उत्तम असतात. मात्र घेण्यापूर्वी त्याने किती चित्रे काढली आहेत, म्हणजे त्याचा 'शटर काउंट' किती, हे पाहावे. अनेक प्राथमिक कॅमेऱ्यांचे शटर सुमारे १ लाख चित्रांसाठी बनवलेले असते आणि लग्नाच्या दोन-तीन हंगामांत तो आकडा गाठला जातो. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी वा ओरखडे आहेत का हे पाहावे, स्वतःचे मेमरी कार्ड घालून निळ्या आकाशाचे एक चित्र लहान छिद्रावर घ्यावे आणि त्यात काळे ठिपके दिसतात का ते तपासावे. निकॉनच्या डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांच्या अंगात फोकस फिरवणारी मोटर नसते, त्यामुळे जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या स्वस्त लेन्स त्यांवर हातानेच फिरवाव्या लागतात. हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. नवा कॅमेरा घेताना जीएसटीचे पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी कार्ड यांचा आग्रह धरावा. बिलाशिवाय दोन-चार हजारांनी स्वस्त मिळणारा 'ग्रे मार्केट'चा, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून आलेला माल बिघडला की कंपनीचे सेवा केंद्र तो मोफत दुरुस्त करत नाही, आणि जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला बिलावर भरलेल्या कराची वजावटही मिळते.

घरगुती आठवणींसाठी फोन पुरेसा आहे. छंद म्हणून शिकू पाहणाऱ्याने जुना एपीएस-सी डीएसएलआर, किट लेन्स आणि ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी. पक्षिनिरीक्षकाने जोडलेल्या लेन्सचा मोठ्या झूमचा कॅमेरा घ्यावा. आणि लग्नाचा व्यवसाय करणाऱ्याने व्ह्यूफाइंडर, माइकची खाच आणि डोळ्यावर फोकस धरण्याची सोय असलेला एपीएस-सी मिररलेस घ्यावा, त्यासाठी खरेदी एक हंगाम लांबणीवर टाकावी लागली तरी चालेल. या शेवटच्या गटाला खरेदीच्या वेळेविषयीही एक सूचना करावीशी वाटते. बहुतेक जण दिवाळीच्या सवलतींची वाट पाहतात आणि मग तुळशीचे लग्न पंधरवड्यावर येऊन ठेपलेले असताना नवे यंत्र हातात घेतात. कॅमेरा दसऱ्यापूर्वी घ्यावा. दीडशे वर्षांहून अधिक परंपरा असलेल्या हिंगोलीच्या दसरा महोत्सवात दिव्यांची आरास, हलती गर्दी, अंधार आणि रावणदहनाचा भडका हे सर्व एकाच मैदानावर मिळते, आणि तेथे बिघडलेल्या चित्राचा जाब विचारणारे कोणी नसते.